सेमिनरीसाठी अमेरिकेला निघताय? मग अख्ख्या घराची तयारी करा

गेल्या दोन महिन्यांत मला तीन जणींचे मेसेज आले. एक सोलापूरची, एक जालन्याची आणि एक आमच्या नगरचीच. तिघींचा प्रश्न एकच, मिस्टरांना अमेरिकेतल्या सेमिनरीत, म्हणजे पाळकांचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात, ॲडमिशन मिळालीये, ऑगस्टमध्ये निघायचंय, लेकरं लहान आहेत, आता मी काय काय करू? प्रत्येकीला वेगवेगळ्या व्हॉइस नोट पाठवताना काहीतरी राहूनच जायचं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते.

आम्ही चौघं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये शिकागोजवळ आलो तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती आणि मुलगा साडेतीनचा. मिस्टर तीन वर्षांचं एम.डिव्ह., म्हणजे पाळकांसाठीची मास्टर्स डिग्री, करतायत, त्याआधी नऊ वर्षं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काम करत होते. मी नगरला मराठी शाळेत शिक्षिका होते. सेमिनरीकडून जी माहिती येते त्यात शिकणाऱ्याबद्दल सगळं असतं आणि बायको-मुलांबद्दल जेमतेम एक पान, पण खरं सांगते, ही तीन वर्षं नीट जातात की नाही ते त्या एका पानात काय आहे त्यावरच ठरतं. म्हणून मी हे घराच्या बाजूने लिहितेय. अभ्यासाचं मिस्टर लोक बघून घेतात.

सगळ्यात आधी

जायचंच आहे का हे दोघांनी बसून, प्रार्थना करून, आणि कागदावर हिशोब मांडून ठरवा. पुण्याला बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, बंगलोरला युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आहे, बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजची डिग्री आहे. केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ साली सुरू केलेलं ते कॉलेज, १८२७ साली डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्यांना पदवी द्यायचा अधिकार मिळाला, त्यामुळे आपल्याकडची डिग्री म्हणजे कमी दर्जाची असं कुणाचं ऐकू नका. आमच्या बाबतीत फुल स्कॉलरशिप मिळाली आणि मिस्टरांना जो विषय शिकायचा होता तो इथेच होता, म्हणून आलो. फक्त "अमेरिका" या शब्दासाठी येऊ नका, पहिल्या हिवाळ्यात तो शब्द अजिबात पुरत नाही.

यायचं ठरलं तर सेमिनरीबद्दल दोन गोष्टी तपासा. एक, तिला असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्सची मान्यता आहे का, आणि दोन, तिला परदेशी विद्यार्थ्यांना आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं पत्र, द्यायची सरकारी परवानगी आहे का. ऑनलाइन जाहिराती करणारी खूप बायबल कॉलेजं असतात, त्यातल्या काहींकडे यातलं काहीच नसतं. आणि तिसरी गोष्ट जी मी विचारायला हवी होती आणि विचारली नाही, ती म्हणजे फॅमिली हाउसिंग आहे का, शाळा किती लांब आहे, आणि बसने कुठं कुठं जाता येतं. सध्या तिथं शिकत असलेल्या एखाद्या भारतीय किंवा आफ्रिकन कुटुंबाचा नंबर मागून घ्या आणि त्या घरातल्या बाईशी बोला, मिस्टरांनी मिस्टरांशी बोलून यातलं काही कळत नाही.

कागदपत्रं

विद्यार्थ्याला एफ-१ व्हिसा, नवरा किंवा बायको आणि मुलांना एफ-२. प्रत्येकाचा आय-२० वेगळा येतो, अगदी साडेतीन वर्षांच्या मुलाचासुद्धा. प्रत्येकाचा डीएस-१६०, म्हणजे व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म, वेगळा. सेव्हिस फी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याच्या सरकारी नोंदणीची फी, फक्त विद्यार्थ्याची, ती ३५० डॉलर, आणि व्हिसा फी मात्र माणशी, आम्ही भरली तेव्हा १८५ डॉलर होती, म्हणजे चौघांचे ७४० झाले. फी बदलत असते, भरायच्या आधी साइटवर बघून घ्या आणि हा खर्च पहिल्या दिवसापासून धरून चाला.

आपल्या लोकांचा घोळ होतो तो नावांत. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर वडिलांचं नाव मधे, आणि माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव. लग्नाचा दाखला चर्चच्या रजिस्टरचा असतो, १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे तो चालतो, पण त्यावर स्पेलिंग काय आहे ते आजच उघडून बघा. आमच्याकडे मिस्टरांच्या नावात एक अक्षर कमी होतं आणि ते दुरुस्त करून घ्यायला सहा आठवडे गेले. माझं म्हणणं, ॲडमिशनचा फॉर्म भरायच्या आधी सगळ्यांचे पासपोर्ट एकसारखे करून घ्या, कारण आय-२० पासपोर्टवरच्या नावाने येतो.

मुलाखत आमची मुंबईला बीकेसीत झाली, त्याआधी बोटांचे ठसे आणि फोटो वेगळ्या सेंटरला. प्रश्न साधेच असतात, हीच सेमिनरी का, पैसे कोण देणार, परत आल्यावर काय करणार. इथं आपल्या विश्वासाची लांबलचक साक्ष द्यायला जाऊ नका. मिस्टरांनी तीन वाक्यांत सांगितलं की मंडळीने पाठवलंय, स्कॉलरशिपचं पत्र हे, परत येऊन हे काम करायचंय. मंडळीच्या पत्रात परत आल्यावर कोणती जबाबदारी देणार ते स्पष्ट लिहून घ्या, नुसतं "चांगले विश्वासू सेवक आहेत" असं पत्र तिथं फार कामाचं नाही.

आय-२० वर कोर्स सुरू व्हायची तारीख असते, त्याच्या ३० दिवस आधीपर्यंतच अमेरिकेत शिरता येतं, त्याहून आधी नाही. लेकरं घेऊन येणार असाल तर त्या ३० दिवसांतले निदान वीस दिवस वापरा. आम्ही क्लास सुरू व्हायच्या पाच दिवस आधी पोचलो, आणि मिस्टर ओरिएंटेशनला गेले तेव्हा घरात गादीसुद्धा नव्हती.

पैसे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाकीट

हा भाग कृपा करून दोनदा वाचा.

एफ-१ वाल्याला क्लास चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, सुट्टीत फुलटाइम. लायब्ररी, कॅफेटेरिया, बर्फ काढणं, जे मिळेल ते. एफ-२ वाल्यांना काम अजिबात करता येत नाही. अजिबात म्हणजे अजिबात. शेजारणीची मुलं पैसे घेऊन सांभाळणं नाही, डबे करून विकणं नाही, शिलाई नाही. मला पहिल्याच महिन्यात एका भल्या बाईने विचारलं, आमच्या घरी येऊन मुलांना सांभाळशील का, तासाला अमुक डॉलर देते. तिला या नियमाची काहीच कल्पना नव्हती आणि मला पैशांची खूप गरज होती, तरी नाही म्हणावं लागलं. तिची मुलं मी नंतर कितीदा तरी सांभाळली, ती माझी सांभाळायची, पण पैशांचा संबंध नाही. घरी बसून भारतातल्या मुलांचे ऑनलाइन क्लास घ्यायचा विचार असेल तर तोही आधी विचारा, मनानेच ठरवू नका.

आता पाकीट. आपल्याकडे पाळक कुठं संदेश द्यायला गेले की मंडळी निघताना हातात पाकीट देते, ते प्रेमाने असतं, नाकारणं उद्धटपणा वाटतो. इथंही चर्चवाले बोलावतात आणि शेवटी चेक देतात. तो चेक परवानगीशिवाय घेतलेलं काम ठरू शकतो आणि त्यामुळे सगळ्यांचा व्हिसा धोक्यात येऊ शकतो, कारण आपण एफ-२ वाले मिस्टरांच्याच आय-२० ला बांधलेले असतो. सेमिनरीत परदेशी विद्यार्थ्यांचं बघणारा अधिकारी असतो, त्याला डीएसओ म्हणतात, त्याला ईमेल करून लेखी विचारायचं, आणि मगच हो म्हणायचं. चर्चमध्ये इंटर्नशिप करायची असेल तर तिचीसुद्धा आधी सीपीटी, म्हणजे कोर्सचा भाग म्हणून काम करायची परवानगी, घ्यावी लागते, सुरू केल्यावर नाही. मिस्टर आता बोलावणं आलं की आधीच सांगतात, मी आनंदाने येतो पण मला मानधन देऊ नका. लोकांना वाईट वाटत नाही, उलट नियम कळल्यावर ते बाकीच्या विद्यार्थ्यांनाही सांभाळून घेतात. एकांनी त्या ऐवजी मुलांसाठी बर्फाचे बूट आणून दिले पण तेसुद्धा आम्ही विचारून घेतले.

टॅक्सचं थोडक्यात. कमाई असो नसो, दरवर्षी प्रत्येकाचा ८८४३ नावाचा फॉर्म भरायचा, मुलांचासुद्धा. कॅम्पसवर पगार असेल तर १०४०-एनआर हा टॅक्स रिटर्न, १५ एप्रिलपर्यंत. भारत-अमेरिका टॅक्स कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, बाकी देशांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ते मिळत नाही, म्हणून सेमिनरीतला सीनियर आफ्रिकन किंवा कोरियन मित्र "नाही मिळत" म्हणाला तरी तुम्ही आपलं बघा.

बॅगेत काय

सगळे आय-२०, पासपोर्ट, लग्नाचा दाखला, जन्मदाखले आणि मुलांची लसीकरणाची कार्डं हँडबॅगेत, चेक-इन मध्ये नाही. कुकर आणा, शिट्टीचं रबर दोन-तीन जास्तीची आणा. मिक्सर आणू नका, इथं करंट १२० व्होल्टचा आहे, आपला मिक्सर चालत नाही. काळा मसाला घट्ट पॅक करून, आणि कस्टमवाल्यांना खाण्याचं आहे असं खरं सांगायचं. मटणाचं, सुक्या मासळीचं काही नको, बियाणं नको. स्वेटरवर पैसे घालवू नका, तिथल्या थंडीला आपले स्वेटर पुरत नाहीत आणि सेकंडहँड दुकानात चांगले जाड कोट स्वस्तात मिळतात. पुष्कळ सेमिनऱ्यांत एक खोली असते जिथं जाणारी कुटुंबं कपडे, भांडी, खेळणी ठेवून जातात, तिथून बिनधास्त घ्या. मला पहिल्यांदा लाज वाटली, दान घेतोय असं वाटलं, मग कळलं की तिथं प्रोफेसरांच्या घरचेसुद्धा वस्तू आणतात आणि नेतात.

आणि उपासना संगीताची, म्हणजे आपल्या मराठी गीतांच्या पुस्तकाची, प्रत आणा. फोनमध्ये आहे म्हणून टाळू नका. मुलांच्या हातात पुस्तक असलं की ती शब्द वाचतात.

घर, शाळा, डॉक्टर

अपार्टमेंटमध्ये पहिल्या दिवशी फोडणी दिली आणि धुराचा अलार्म वाजला, सगळा मजला बाहेर आला. एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा, अलार्मची बॅटरी मात्र काढू नका, तो गुन्हा धरतात. भाजीपाला जवळच्या स्वस्त दुकानातून, आणि महिन्यातून एकदा डेव्हन ॲव्हेन्यू, शिकागोतला आपला बाजार. पटेल ब्रदर्स १९७४ साली तिथूनच सुरू झालं. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, कढीपत्ता सगळं मिळतं. कुणाच्या तरी गाडीत जागा बघून जायचं आणि पेट्रोलचे पैसे विचारायचे, इथं बहुतेक जण नको म्हणतात पण विचारायचं.

स्वतःची गाडी नसली तरी कारसीट घ्या. इलिनॉयमध्ये आठ वर्षांखालच्या मुलाला त्याच्या मापाच्या सीटशिवाय गाडीत बसवता येत नाही, दोन वर्षांखालचं बाळ मागे तोंड करून. आपल्याकडे मांडीवर घेऊन बसतो तसं पाच मिनिटांसाठीसुद्धा चालत नाही, आणि लिफ्ट देणाऱ्याला त्यामुळे दंड होतो.

एफ-२ मुलांना सरकारी शाळा मोफत आहे. घराचा पत्ता ज्या शाळेच्या हद्दीत येतो तीच शाळा, म्हणून भाडेकरार लागतो. इलिनॉयमध्ये किंडरगार्टनला १ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण हवीत. लसींची कार्डं इंग्रजीत टाइप करून डॉक्टरांची सही घेऊन आणा, आमचं पंचायत समितीच्या दवाखान्यातलं कार्ड पेनने लिहिलेलं होतं आणि नर्सला तारखा वाचताच येईनात, त्यामुळे मुलाला दोन इंजेक्शनं परत घ्यावी लागली. आणखी एक, टीबीची तपासणी सांगितली तर हातावर टोचण्याऐवजी रक्ताची टेस्ट मागा. आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असते त्यामुळे हातावरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, गोळ्या, धावपळ सुरू होते.

इन्शुरन्समध्ये मिस्टरांचं कव्हर होतं म्हणून आपलंही झालं असं समजू नका, आमचं वेगळं घ्यावं लागलं आणि ते महाग पडलं. कार्ड हातात आलं की डिडक्टिबल (इन्शुरन्सने द्यायच्या आधी आपण भरायची रक्कम) किती, को-पे (दर भेटीला आपण द्यायचा वाटा) किती हे दोघांनी पाठ करा. साधा ताप, कान दुखणं यासाठी अर्जंट केअर, जीवावरचं असेल तरच ९११ किंवा इमर्जन्सी. आम्ही मुलाला रात्री कान दुखतो म्हणून थेट इमर्जन्सीत नेलं होतं, त्या एका रात्रीचं बिल आम्ही आठ महिने हप्त्याने फेडलं. हॉस्पिटलच्या बिलिंग ऑफिसला फोन करून मदतीचा फॉर्म मागता येतो हे मला नंतर कळलं, तुम्ही आधीच मागा.

मिस्टरांचा अभ्यास आणि शुक्रवार

वाचन किती असतं याची घरच्यांना कल्पना द्यायला हवी. ग्रीक, हिब्रू, आणि दर आठवड्याला शेकडो पानं. आपल्याकडे पाळक तयारी करताना बायबलचा अर्थ सांगणाऱ्या टीकाग्रंथातला परिच्छेद जसाच्या तसा संदेशात घेतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, इथं पेपरमध्ये एक वाक्य जरी तळटीप न देता घेतलं तर तो चोरीचा प्रकार होतो आणि काढून टाकू शकतात. पहिल्या पेपरच्या आधी रायटिंग सेंटरला जायला लावा. वर्गात प्रोफेसरांना प्रश्न विचारणं, त्यांचं म्हणणं पटत नाही म्हणून सांगणं, हे सगळं अपेक्षित असतं, मिस्टर पहिलं सेमिस्टर मान खाली घालून लिहीत बसले आणि क्लासमधल्या सहभागाचे मार्क गेले.

आमच्या घरात हिब्रूचा फार वैताग आला की मी केडगावची आठवण काढते. पंडिता रमाबाईंनी मुळातली हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, तिथल्या मुक्ती मिशनचा, निराधार बायकामुलींच्या आश्रमाचा, एवढा पसारा सांभाळून. त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा अगदी लहान होती, पुढे १८८६ ला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला आल्या. लेकरू घेऊन परक्या देशात शिकायला जाणारी आपल्यातली पहिली बाई काही मी नाही, हे आठवलं की मला बळ येतं.

आणि एक करार करा. आम्ही दुसऱ्या सेमिस्टरला केला, पहिल्यालाच करायला हवा होता. शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर पुस्तक बंद. परीक्षा असो, पेपर असो. त्या संध्याकाळी चौघं एकत्र जेवतो, मग खेळतो नाहीतर बाहेर पडतो. सेवकाई करणाऱ्या घरात देवाचं काम आहे म्हणून बायको गप्प बसते, मुलंही शिकतात गप्प बसायला, आणि ते नगरला जसं होतं तसंच इथं होतं, फक्त इथं सासूबाई नसतात, शेजारच्या काकू नसतात, म्हणून सगळं जास्त जाणवतं.

आपले दिवस

नोव्हेंबरमध्ये घड्याळ एक तास मागे करतात. डिसेंबरमध्ये शिकागोला साडेचारच्या आत सूर्य मावळतो. मुलगी शाळेत, मिस्टर लायब्ररीत, मी आणि मुलगा त्या दोन खोल्यांत, बाहेर बर्फ. मी पंधरा वर्षं शाळेत शिकवलं होतं, रोज चाळीस मुलं "बाई, बाई" करत मागे यायची, आणि इथं अख्खा आठवडा कुणी माझं नाव घेत नव्हतं. जानेवारीत मी सकाळी उठेनाशी झाले. प्रार्थना करायचे पण शब्द यायचे नाहीत. मला वाटलं माझा विश्वास कमी पडतोय, आणि पाळकाच्या बायकोने हे कुणाला सांगायचं कसं म्हणून दोन महिने सांगितलं नाही.

सांगा. सेमिनरीत काउन्सेलर असतात आणि पुष्कळ ठिकाणी घरच्यांनाही त्यांच्याकडे जाता येतं. मी गेले, त्यांनी आधी डॉक्टरकडे पाठवलं, रक्तात व्हिटॅमिन डी फार कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू केल्या आणि सोबत बोलणंही सुरू ठेवलं. मार्चपर्यंत बरं वाटायला लागलं. यात पाप नाही, यात विश्वासाची कमतरता नाही.

दिवसाला आकार द्या. पब्लिक लायब्ररी मोफत असते, लहान मुलांसाठी गोष्टींचा तास असतो, मोठ्यांसाठी इंग्रजीचे फुकट वर्ग असतात. मुलगा त्या गोष्टीच्या तासाला बोलायला लागला आणि मला तिथं मेक्सिकोची एक मैत्रीण मिळाली, आम्ही दोघी मोडक्या इंग्रजीत तासभर बोलायचो. एफ-२ वर पार्टटाइम शिकता येतं, काही सेमिनऱ्या विद्यार्थ्यांच्या बायकांना वर्गात फुकट बसू देतात, विचारा. मी दुसऱ्या वर्षी जुन्या कराराच्या वर्गात बसले, आणि मग घरी मिस्टरांशी बोलायला मला भाजी आणि बिलं सोडून दुसरं काहीतरी मिळालं. गाडी शिका. लायसन्सचे नियम राज्याप्रमाणे बदलतात पण एफ-२ ला लायसन्स मिळतं, आणि ते हातात आलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मीही इथं राहते.

लोक बोलावतात त्याबद्दल. "एकदा जेवायला या" असं इथं म्हणतात तेव्हा ते निमंत्रण नसतं, तारीख ठरली की ते निमंत्रण. मी पहिले तीन महिने वाट बघत बसले आणि मनाला लावून घेतलं. आता मीच फोन काढून विचारते, गुरुवार की शनिवार? आणि सहा म्हणजे सहा. मुलं आठला झोपवतात म्हणून साडेसातला निघायचं, त्यांना आपण नको झालोय असं नाही.

चर्च आणि मराठी

आमच्या नगरच्या चर्चमध्ये बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, डोक्यावर पदर, चप्पल बाहेर. इथं पहिल्या रविवारी लोक कॉफीचे ग्लास घेऊन आत बसले आणि मी मिस्टरांकडे बघतच राहिले. प्रभुभोजन छोट्या प्लास्टिकच्या कपात. मला खूप दिवस वाटायचं यांना भीती नाही देवाची. मग पहिल्या बर्फात त्याच लोकांतल्या एक सत्तर वर्षांच्या आजी रोज सकाळी आमच्या दारातला बर्फ काढून जायच्या, न सांगता, तेव्हा मी तो विचार सोडून दिला. पदर मात्र घेते, मला कुणी कधी काही म्हटलं नाही.

एक प्रश्न सारखा येतो, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात? नाव मराठी, आडनाव मराठी, म्हणून त्यांना वाटतं कालपरवाच. चिडू नका, सांगा. यांच्याच अमेरिकन बोर्डाचे, म्हणजे मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेचे, पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ पासून नगरला काम आहे, सिंथिया फरार बाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, माझ्या मिस्टरांच्या घरात ही पाचवी पिढी. हे सांगितल्यावर एका बैठकीत सगळे शांतच झाले, मग एका आजोबांनी विचारलं, तुमची गाणी कशी असतात? आम्ही चौघांनी उभं राहून रेव्हरंड टिळकांचं एक भजन म्हटलं, मिस्टरांनी टेबलावर ठेका धरला. तेव्हापासून दर महिन्याला एकदा आम्हाला मराठी गाणं म्हणायला सांगतात. म्हणून पेटी नाही तर निदान झांजा आणा, बॅगेत जागा लागत नाही.

मुलांच्या मराठीबद्दल मी फार कडक आहे आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. सहा महिन्यांत मुलगा इंग्रजीत स्वप्नं बघायला लागला, झोपेत बडबडायचा ते इंग्रजीत. घरात नियम केला, रात्रीची कौटुंबिक प्रार्थना मराठीतच, प्रभूची प्रार्थना मराठीतच, वचन आळीपाळीने वाचायचं आणि अडलं तर थांबून शिकायचं. मुलगी एकदा चिडून म्हणाली, देवाला इंग्रजी कळतं ना, मग? मी म्हटलं कळतं, पण आजीला नाही कळत. शनिवारी रात्री साडेनऊला, हिवाळ्यात, नगरची रविवारची नऊची उपासना सुरू होते, साडेअकरा तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेदहा. पंधरा दिवसांतून एकदा आम्ही ती फोनवर लावतो आणि मुलगी आजीबरोबर गाते. नाताळला करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या करतेच, सगळ्या मजल्यावर वाटते, मुलं डबे घेऊन दारोदार जातात जशी मी लहानपणी जायचे.

घरून फोन येतो तेव्हा

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत पहाटे फोन आला, सासरे गेले. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी माती देतात, थांबत नाहीत. मिस्टरांना पोचायला निदान दीड दिवस लागला असता. त्यांनी वडिलांची माती व्हिडिओ कॉलवर बघितली, स्वयंपाकघरात उभं राहून, आणि मंडळी गात होती त्यांच्याबरोबर गायले. नंतर ते आठव्या दिवशीच्या प्रार्थनेला जाऊन आले, एकटेच, चौघांच्या तिकिटांचे पैसे नव्हते.

यासाठी तयारी करता येते ती करून ठेवा. एका माणसाच्या जाण्यायेण्याच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात, त्याला कशासाठीही हात लावायचा नाही. आय-२० च्या दुसऱ्या पानावर प्रवासाची सही लागते, ती एक वर्ष चालते, ती नसेल तर परत येताना अडकू शकता. दरवर्षी सप्टेंबरमध्ये सगळ्यांच्या आय-२० वर घेऊन ठेवा, प्रवास ठरलेला नसला तरी. मिस्टरांची सही संपली होती, सेमिनरीतल्या बाईंनी सकाळी सातला ऑफिस उघडून सही दिली, पण रविवार असता तर? आणि निघायच्या आधी भारतात असतानाच म्हाताऱ्या माणसांशी हे बोलून घ्या, की असं झालं तर आम्ही येऊ शकू की नाही सांगता येत नाही. सासऱ्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं होतं, माझ्यासाठी शिक्षण अर्धं सोडून यायचं नाही. ते वाक्य नसतं तर मिस्टर पुढच्या सेमिस्टरला बसलेच नसते.

परत जायचं

आता मेमध्ये पदवी आहे. कोर्स संपल्यावर एफ-१ वाल्यांना आणि घरच्यांना ६० दिवस मिळतात. एक वर्ष ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या परवानगीवर, काम करता येतं, आणि गावाकडूनसुद्धा लोक म्हणतात, आलाच आहात तर राहा ना, मुलांचं भलं होईल. राहणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, प्रत्येकाचं घर वेगळं. आम्ही मंडळीला शब्द दिलाय म्हणून जातोय. पण हे बोलणं शेवटच्या महिन्यासाठी ठेवू नका, आम्ही शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मुलांशी बोलतोय, मुलगी आता अकराची होईल, तिच्या मैत्रिणी इथं आहेत, ती रडते आणि आम्ही तिला रडू देतो. तिचे शाळेचे रिपोर्ट आणि दाखले आताच मागून ठेवलेत, रोज अर्धा तास मराठी शुद्धलेखन आणि गणित मराठीतून सुरू केलंय, कारण तिला तिथं मुलांमध्ये बसायचंय. पुस्तकं फार झालीत, मिस्टर एकेक काढून ठेवतात आणि परत घेतात.

वरच्या मजल्यावर ऑगस्टमध्ये नागालँडहून एक जोडपं येतंय, तिचा मला परवा मेसेज आला. बर्फाचे बूट, दोन कारसीट, जाड कोट आणि कुकर त्यांच्यासाठी पेटीत भरून ठेवलेत, वर नाव लिहून. डीएसओचा ईमेल आणि अर्जंट केअरचा पत्ता झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय.